"दिवस कासराभर वर आला": गलाईवाल्यांच्या घरातली मराठी

कोइमतूरची लेक

गेल्या महिन्यात भाऊ, वहिनी आणि भाचा पुण्याला आमच्याकडे राहून गेले. पहिल्याच सकाळी भाचा गॅलरीत गेला, समोरच्या इमारतीवर आलेल्या सूर्याकडे बघितलं आणि आत येऊन म्हणाला, "आत्ती, दिवस कासराभर वर आलाय, अजून कुणी उठलं कसं न्हाय?" वय वर्षं नऊ. जन्म कोइमतूरचा, शाळा इंग्रजी, मित्र सगळे तमिळ. माझे सासरे हातातला पेपर खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिले. "कासरा म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"त्ये म्हाईत न्हाय. आजी म्हंती."

बैलाची दोरी, असं मी सांगून टाकलं. किती लांब, कुठे बांधतात, ते मलाही सांगता येईना. मी तरी बैलाला कधी हात लावला होता? त्या दिवसापासून मनात घोळतंय ते इथे लिहिते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण, खटाव हा सगळा पावसाने पाठ फिरवलेला पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सराफांकडची मोड, कारागिराच्या कामाच्या जागेवरचा केरसुद्धा घ्यायचा आणि त्यातून चोख सोनं काढून द्यायचं. सोन्यात चांदी मिसळून वितळवतात, मग ते तेजाबात उकळतात. चांदी तेजाबात विरघळून जाते आणि तळाला तपकिरी चिखलासारखं जे राहतं ते शुद्ध सोनं. पुन्हा मुशीत घालून वितळवलं की पिवळं होतं. शाळेतून आल्यावर दप्तरासकट दुकानाच्या पायरीवर बसून मी हे बघायचे. तेजाबाच्या पिवळसर धुराने बाबांना लागलेला खोकला अजून गेलेला नाही.

बाबा १९७२ च्या दुष्काळानंतर गेले, सोळा वर्षांचे असताना, गावातल्याच एकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून. दिवसा भट्टी, रात्री त्याच फरशीवर अंथरूण. दहा-बारा वर्षं तिथे सगळे बाप्येच होते आणि त्यांची मराठीही कामापुरती होती. हे उचल, ते निवव, टंच किती निघाला, गिऱ्हाईक बसलंय, भाव बोलू नको. गावाकडे जायचं ते पोस्टकार्ड, त्यातलीही वाक्यं ठरलेली. १९८४ साली आई लग्न होऊन आली आणि तिच्याबरोबर बाकीची मराठी आली. रागवायची, लाडाची, नजर काढताना पुटपुटायची, शेजारणीची उणीदुणी काढायची. आजी वर्षातले सहा महिने येऊन राहायची, तिच्याबरोबर हुलग्याचं माडगं आलं, कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण आलं, येरवाळी म्हणजे लवकर उठणं आलं आणि कासराभर वर आलेला दिवसही आला. माझं मत असं झालंय की धंदा पुरुषांच्या पाठीवर बसून परमुलखात जातो, पण घरची बोली तिथे पोचते ती बायका गेल्यावर.

गंमत अशी की आमच्या घरातली मराठी १९८४ पाशीच थांबली. मे महिन्यात गावी गेलं की चुलत बहिणी म्हणायच्या, "तू म्हातारीवानी बोलतीस गं." मी माळवं म्हणायचे, त्या भाजीपाला म्हणायच्या. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा तर पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मुलींना वाटायचं, तमिळनाडूतून आली म्हणजे मराठी मोडकी असणार. माझी मोडकी नव्हती, माणदेशी होती. तो फरक समजावून सांगण्याइतकी मी तेव्हा धीट नव्हते.

आणि तमिळबद्दल मी कृतज्ञ आहे, हेही मनापासून लिहिते. माझी पहिली मैत्रीण तमिळ, पहिलं भांडण तमिळमधून. आईला तमिळ शिकवली ती दारावर येणाऱ्या भाजीवाल्या अक्कांनी. निघताना त्या "पोयिट्टु वरेन" म्हणायच्या, म्हणजे "जाऊन येते". आईला हे फार आवडलं. आपल्याकडेही निघताना कुणी "जाते" म्हणालं की घरातलं मोठं माणूस "येते म्हण" म्हणून टोकतं. त्या एका वाक्यावर आईचा त्या गावावर जीव जडला, असं ती आजही सांगते. अक्का आणि अण्णा हे शब्द तर तिला शिकावेच लागले नाहीत.

भावाची गोष्ट वेगळी. त्याला देवनागरी वाचता येते, लिहिता येत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मराठी तमिळ लिपीत लिहितो. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे "काय" आणि "गाय" सारखंच दिसतं, वाक्यावरून ओळखायचं. आम्ही ओळखतो.

तुमच्या घरात काय टिकलं, काय गळालं आणि कुणामुळे, ते लिहाल का?

विट्याकडचा

ताई, कासरा म्हणजे बैलाला बांधायची लांब दोरी. औत नाहीतर गाडी हाकताना ती हातात असते, बैल वळवायचा तो कासरा ओढून. आमच्या घरातला सात-आठ हात होता. सूर्य जमिनीपासून एका कासऱ्याएवढा वर आला की दिवस कासराभर वर आला. तोवर माणूस शेतात पोचलेला पाहिजे, नाहीतर आईच्या शिव्या.

आता आमच्याकडचं ऐका, कारण तुम्ही गेलात तेव्हा आम्ही इथं राहिलो. माझे दोन्ही चुलते गलाईत, एक वरंगळला, एक कोलकात्याला. वडील मागं राहिले, शेत आणि म्हातारी बघायला. गावात मोठमोठे बंगले आहेत, वर्षातले दहा महिने कुलूप. अंगणात झाडणारी म्हातारी एकटीच. दसऱ्याला विट्याच्या पालख्या पळतात तेव्हा, दिवाळीत आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला गाव एकदम भरतं. चार-पाच राज्यांच्या नंबरप्लेटा एका बोळात उभ्या असतात. चांगभलं म्हणणारी पोरं आपापसात तेलुगू, बंगाली, मल्याळम बोलत असतात आणि आजीपाशी आली की आमच्यापेक्षा जुनी मराठी.

बोली मात्र तुमच्याकडंच जास्त राहिली, हे खरंय. आमच्या पोरांना शाळेत "न्हाय" म्हटलं की दुरुस्त करत होते, "नाही म्हण". पंचवीस वर्षं दुरुस्त करून करून झाली दुरुस्त. माझी मुलगी आज "कासराभर" म्हणत नाही, "साडेसात वाजले" म्हणते. गाव सोडून कुठं न गेलेल्या घरात ही अवस्था. म्हणून भाषा गेली की लगेच स्थलांतराला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

शिवाय आता इथंही माणसं यायला लागलीत. विट्यात यंत्रमाग आहेत, त्यावर बाहेरच्या राज्यातली पोरं कामाला आहेत. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागांची कामं वाढली. शेजारच्या खोलीतल्या ओडिया कुटुंबाची मुलगी आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत आहे. ती "हितं या की" म्हणते. ते ऐकून माझ्या आईला केवढा आनंद होतो, सांगू शकत नाही.

यमुनेपलीकडे

धागा वाचताना गळा दाटून आला. आम्ही पंचवीस वर्षं दिल्लीत, नोकरीनिमित्त. मुलीचं मराठी चांगलं आहे, पण एक गोष्ट काही केल्या जमली नाही. ती "आम्ही जाऊया का?" म्हणते. म्हणजे मलाही बरोबर घ्यायचंय, पण वाक्यातून मला बाहेर ठेवते. आपण आणि आम्ही यातला फरक तिच्या कानाला लागतच नाही, कारण हिंदीत दोन्हीला हम. मी शंभरदा समजावलं. एकदा तिने विचारलं, "पण मी आम्ही म्हटलं तरी तू येणारच आहेस ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोइमतूरची लेक

यमुनेपलीकडे, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या घरात ही चूक कधीच कुणी केली नाही आणि त्याचं श्रेय तमिळला आहे. तमिळमध्ये नाम् म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. नांगळ् म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. अगदी मराठीसारखं. भाषेचे अभ्यासक तर असं मानतात की मराठीतला हा फरक दक्षिणेच्या भाषांच्या शेजारामुळेच पक्का झाला. म्हणजे भाच्याला शाळेच्या मैदानावर जे मिळतं तेच घरी मिळतं.

आमची अडचण लिंगाची. तमिळमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, त्यामुळे भाचा सरसकट "ते वही", "ते खुर्ची", "ते दरवाजा" म्हणतो. मुलीला कधी चुकून "ते" म्हणत नाही, वस्तूंनाच म्हणतो. त्याच्या डोक्यात नियम स्पष्ट आहे, फक्त तो नियम दुसऱ्या भाषेचा आहे. शेजारची भाषा कुठली मिळाली यावर आपल्या भाषेचं कुठलं अंग बळकट होणार आणि कुठलं झिजणार ते ठरतं, असं मला वाटायला लागलंय. माझी नागपूरची मैत्रीण "काय करून राहिली?" म्हणते, त्यातही हिंदीचा शेजार ऐकू येतो. तिच्या तोंडी ते मला फार गोड लागतं.

विट्याकडचे दादा, कासऱ्याबद्दल मनापासून आभार. सात-आठ हात, हे भाच्याला कळवलं.

त्रिशूरचा मुक्काम

मी पण गलाईच्या घरातला, आटपाडी तालुक्याचा, दुसरी पिढी. वय एकोणतीस. ताईंशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

बायका गेल्या म्हणून भाषा गेली, हे ऐकायला छान आहे. पण आमच्या आयांना दुसरा इलाज काय होता? माझी आई त्रिशूरला आली तेव्हा तिला एक शब्द मल्याळम येत नव्हता. पहिली दोन वर्षं ती खोलीत एकटी होती. तिने मराठी जपली असं आपण आज म्हणतो. तेव्हा तिला बोलायला मराठीखेरीज काही नव्हतं आणि मराठीत बोलायला कुणी नव्हतं. माझ्याशी ती दिवसभर बोलायची कारण मी एकटाच समोर होतो. ते जपणं नव्हतं, ताई, एकटेपणा होता. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण लिहायला हवं.

दुसरी गोष्ट. आमच्यात मराठी कशामुळे टिकली? माझं उत्तर आहे, सोयरिकीमुळे. धंदा केरळात, पण लग्न आटपाडी नाहीतर खटावात. मुलगी बघायला जायचं तर तिच्या आजीशी, मामाशी धड बोलता आलं पाहिजे. यात्रेची वर्गणी, भावकीतलं बारसं, बांधाचं भांडण, सगळं मराठीत. माझ्या आजोबांचं मयत झालं तेव्हा वडिलांना पोचता आलं नाही, रेल्वेने सावडायच्या दिवशी पोचले. भावकीतले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आलास बाबा पाव्हण्यावानी." वडिलांनी त्यानंतर एकही यात्रा चुकवली नाही. भाषा अशा बोलण्यातून धरून ठेवली जाते. प्रेमही असतं, पण दाबही तेवढाच असतो.

आता माझं लग्न त्रिशूरच्याच मुलीशी ठरतंय, मल्याळी. घरात खूप रडारड झाली, आता शांत आहे. आमच्या मुलांना मराठी येईल का? आईने विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. मला खात्री नाही. पण ज्या भाषेत माझी आई दोन वर्षं एकटी होती ती भाषा मला तिच्या सुनेवर लादायची नाही.

यमुनेपलीकडे

त्रिशूरचा मुक्काम, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आणि लग्नाबद्दल अभिनंदन.

कावेरीकाठ

तुम्हा सगळ्यांची स्थलांतरं चाळीस-पन्नास वर्षांची. आमचं साडेतीनशे वर्षांचं होत आलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी तंजावरी मराठी घरातली, आता चेन्नईत.

१६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि त्यांच्यामागोमाग माणसं आली. लढणारी, हिशेब लिहिणारी, कीर्तन करणारी. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं. त्यानंतर महाराष्ट्राकडून नवी माणसं येणं थांबलं, दरबार गेला, मराठी लिहिण्याचं कारण गेलं. राहिलं ते घर. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात डांगर पचडी होती, गोडभात होता, आणि अशी मराठी होती की पुण्याच्या माणसाला वाटावं ही कुठली भाषा. उच्चार तमिळ वळणाचा, शब्द मात्र असे की आज तिकडे कुणी वापरत नाही. विट्याकडच्यांनी जे लिहिलं तेच, पण आठ-दहा पिढ्यांचं.

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. भिंतच्या भिंत भरून. लहानपणी आजी मला तिथे घेऊन जायची आणि अक्षरांवरून हात फिरवायची. तिला ती वाचता येत नव्हती. ती मराठी तमिळ लिपीत लिहायची, तुमच्या भावासारखीच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतल्या कागदांचे ढीग आहेत, ते वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका घरातल्या माणसांनी आपल्याच खापरपणजोबांचं पत्र उचलावं आणि ते उलटं आहे की सुलटं हेही कळू नये, याचं दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही.

बायकांबद्दल ताईंचं म्हणणं आमच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. दरबार गेल्यावर पुढची दीडशे वर्षं ही भाषा बायकांनी ओट्यापाशी सांभाळली. पण त्रिशूरच्या भावाचंही खरं आहे. आमच्यात लग्नं आपापसांत होत होती तोवर ती टिकली. माझ्या पिढीत तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती, सगळीकडे लग्नं झाली आणि घरातली भाषा इंग्रजी झाली. माझा मुलगा तंजावरी मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. मी त्याला दोष देत नाही.

एक आठवण सांगते. १९९४ मध्ये मी पहिल्यांदा पुण्याला आले. दुकानात मराठीत साडी मागितली. दुकानदाराने हिंदीत विचारलं, "मॅडम, आप कहाँ से?" मी मराठीतच म्हटलं, मी मराठी आहे. तो हसला आणि पुढेही हिंदीतच बोलत राहिला. मी हॉटेलवर येऊन रडले. तीन शतकं जे घरात सांभाळलं ते तिथे एका मिनिटात कुणाला ओळखू आलं नाही. तुमच्या कॉलेजातले सहा महिने, ताई, मला चांगले कळले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही फोन आले, अभिनंदनाचे. आनंद झाला. पण तो आनंद आमच्या बोलीपर्यंत पोचायला हवा असेल तर आधी कुणीतरी आमची उरलेली म्हातारी माणसं बोलताना ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवीत. माझ्या घरातली सगळी गेली.

फळा आणि कोयता

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, साखर कारखान्याच्या पट्ट्यात. इथे सगळ्यांचं स्थलांतर परराज्याचं दिसतंय, म्हणून एक वेगळं मांडते. माझ्या वर्गात दिवाळीनंतर बीडकडची मुलं येतात. आईबाप ऊसतोडीला, मुलं कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत. मार्च-एप्रिलमध्ये परत. राज्य तेच, भाषा तीच, पाठ्यपुस्तकही तेच. तरी ती मुलं पहिले पंधरा दिवस गप्प असतात.

कारण त्यांच्या बोलण्याला इथली मुलं हसतात. पोषण आहाराच्या वेळी एका मुलीने "कोरड्यास" हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि ती म्हणाली, "बाई, हे तर पातळ आहे की." ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना आपापल्या घरचे शब्द फळ्यावर लिहायला सांगितलं. बीडच्या मुलांचे शब्द संपेनात. त्या दिवशी ती बोलायला लागली.

पण त्यांच्या शब्दांत काही असे आहेत की ऐकवत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे म्हणजे उचल, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीला मी विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, "एक कोयता आन मी आन बारका भाऊ." आईबापांना ती कोयता म्हणाली आणि त्यात तिला काही वेगळं वाटलं नाही. ताई, तुमच्या भाच्याच्या वयाची. कामाची भाषा घरात शिरली की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. ती रोज बारक्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. मी येऊ देते. हजेरीपटावर त्याचं नाव नाही, पण त्याला आता बाराखडी ऐकून पाठ झाली आहे.

हंगाम संपला की ती मुलं एका सकाळी नसतातच. निरोप नाही, दाखला नाही. पुढच्या वर्षी तीच येतील याची खात्री नसते, कारण कारखाना बदलतो.

लिंबायतचा भाऊ

सुरतहून. आमच्याकडे लिंबायत, उधना भागात एवढे खान्देशी आहेत की रस्त्यात "काय करी राहिना भाऊ?" सहज कानावर पडतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडाच्या कामाला आलेली माणसं.

एक दुरुस्ती सुचवतो. वर सगळे "घरची मराठी" म्हणताहेत. आमच्या घरात आई अहिराणी बोलायची. मराठी ही मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली भाषा, गुजराती गल्लीतली, हिंदी कारखान्यातली. म्हणून जनगणनेला बाई आल्या आणि मातृभाषा विचारली तेव्हा वडिलांनी मराठी सांगितलं, आजी आतून ओरडली, "अहिराणी लिख!" २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशात ८ कोटी ३० लाख निघाले. त्यांत माझ्या आजीसारख्या किती जणी, याचा विचार मी नेहमी करतो.

श्रावणात कानबाई बसवतो, ही आमची खान्देशातली देवी. गावात पूर्वी भाऊबंदकीपुरती असायची, सुरतेत आता अख्खी गल्ली येते, गुजराती शेजारणीसुद्धा रोटाचा प्रसाद मागून नेतात. कानबाईची गाणी मात्र अहिराणीतच. ती गाणारी बाई सत्तरीची आहे. तिची सून रोज रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करते. कावेरीकाठ ताई, तुमचं वाचून मी आज तिला फोन करून सांगितलं की बाई, थांबू नको.

लालबागचो

तिसरी पिढी, गिरणीवाले. ताईंच्या मुद्द्याला आमच्याकडून पुरावा. आजोबा सावंतवाडीकडून आले, गिरणीत लागले. गावाच्या नावाची एक खोली होती, वीस-पंचवीस बाप्ये पाळी पाळीने झोपायचे, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याचं अंथरूण. जेवण खानावळीत. आजी गावाला. त्यामुळे माझे वडील गावात वाढले आणि पक्के मालवणी बोलले. "माका", "तुका", "खय". आई मुंबईला आली, आमचा जन्म चाळीत. चाळीत एका बाजूला साताऱ्याचे, दुसऱ्या बाजूला संगमेश्वरचे, खाली उत्तरेकडचे भैय्ये. आम्ही पोरं ज्या मराठीवर एक झालो ती कुणाच्याच घरची नव्हती. म्हणजे बायको मुंबईला आली आणि आमची बोली तिथेच पातळ झाली. तुमच्या अगदी उलट.

माझ्या मते फरक शेजाराचा. तुमच्या शेजारी तमिळ होतं, तुम्हाला घर वेगळं ठेवता आलं. आमच्या शेजारी मराठीच, तिने आमची मालवणी हळूच आपल्यात ओढून घेतली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. १९८२ च्या संपानंतर वडील गावी परत गेले. तिथे ते मालवणी बोलतात, मी फोनवर मुंबईच्या मराठीत उत्तर देतो. माका समाजता सगळा, पण जीभ वळत नाय.

कोइमतूरची लेक

तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंत ते मी काल रात्री फोनवर आईला वाचून दाखवलं. दोन तास लागले.

त्रिशूरचा मुक्काम, तुमचा प्रतिसाद वाचताना ती मध्येच थांब म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खरं हाय त्येचं. तुला झोपवून मी भिंतीसंगं बोलत हुते." हे तिने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी वर जे ठाम मत लिहिलं होतं ते तिने जगलेलं न विचारता लिहिलं. तुमच्या होणाऱ्या पत्नीला आईने एक निरोप दिलाय, तिला पहिला मराठी शब्द शिकवायचा तर "येते" शिकवा, मल्याळममध्येही तसंच म्हणतात का तेवढं विचारून सांगा.

लालबागचो, तुमचा मुद्दा मला मान्य. जवळची भाषा जास्त गिळते, याचा विचार मी केलाच नव्हता. माझीच मराठी पुण्यात सहा महिन्यांत बदलली, कोइमतूरला अठरा वर्षांत बदलली नव्हती.

फळा आणि कोयता, त्या मुलीचं वाक्य आईला दुसऱ्यांदा वाचून दाखवता आलं नाही. तुमची शाळा भरते त्या काळात मुलांसाठी शब्दांच्या वह्या, पुस्तकं, जे लागेल ते पाठवायचं आहे. व्यक्तिगत निरोप केला आहे, बघाल.

विट्याकडचा

मी पण पाठवतो. आणि कावेरीकाठ ताई, तुमच्या आजी हात फिरवायच्या ती भिंत बघायला यायचंय. चुलत्याचं पोरगं वरंगळवरून येतो म्हणालंय. तुम्ही याल का सोबत, वाचून दाखवायला?

कावेरीकाठ

मी देवनागरी शिकले ती त्या भिंतीसाठीच, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. जरूर या. सकाळी लवकर या, दुपारी दगड तापतो, पाय ठेववत नाहीत.

त्रिशूरचा मुक्काम

विचारलं. मल्याळममध्येही निघताना "पोयिट्टु वराम्" म्हणतात, जाऊन येतो. ती हसली आणि म्हणाली, मग हे मला येतंच की. आईंना सांगा.

कोइमतूरची लेक

सांगितलं. दोघींनाही, आई आणि आजी.

आजीला आता ऐकू कमी येतं, वय नव्वदीच्या पुढे. तरी भाऊ रविवारी तिच्यापुढे मोबाईल ठेवून बसतो, भाचा प्रश्न विचारतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, कासरा किती लांब? विट्याच्या काकांनी सात-आठ हात सांगितलंय. आजी म्हणाली, "त्येंचा बैल गरीब आसंल. आमचा आडदांड हुता, बारा हात लागायचा."

मग भाचा गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायच्या दोरीने सूर्य मोजत बसला. आतापर्यंत चुलीवरचे शब्द झालेत. चूल, वैल, आहार म्हणजे चुलीतले निखारे, फुकणी. वैल म्हणजे चुलीला लागून असलेली दुसरी बोळकी, जाळ तिकडे आपोआप जातो, त्यावर दूध नाहीतर आमटी ठेवायची. त्याला ते पटेना, गॅसवर दुसरा बर्नर वेगळा पेटवावा लागतो म्हणून. पुढच्या रविवारी आजी मातीची करून दाखवणार आहे.